टॉवरताईंचं फाटक

घाटाच्या पायथ्याशी एक फाटक होतं आणि माथ्यावर एक. मधला रस्ता असा की समोरासमोर दोन ट्रक आले तर एकानं मागे सरकायलाच हवं. कुणी सरकायचं यावरून तिथं इतकी भांडणं झाली होती की कड्याच्या दगडांनाही शिव्या पाठ झाल्या असतील. शेवटी रस्तेखात्यानं तासाचा नियम लावला. एक तास वर जाणाऱ्यांचा, पुढचा तास खाली येणाऱ्यांचा. रस्ता भरलेला असो की रिकामा, काटा जागेवर आल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. माथ्यावरच्या गावानं आपलं सगळं जगणं त्या काट्याला बांधून घेतलं होतं. दवाखाना असो, परीक्षा असो की नोकरीची मुलाखत, आधी प्रश्न एकच, “फाटक कधीचं मिळेल?”

टॉवरताई लग्न होऊन त्या गावात आल्या तेव्हा त्यांना टॉवरताई म्हणत नसत. मोबाइल कंपनीत नव्यानं लागलेली इंजिनिअर सून, एवढीच ओळख. काम असं की गाडीच्या मागच्या सीटवर चार-पाच फोन चालू ठेवायचे आणि रस्तोरस्ती हिंडून कुठं रेंज तुटते, कुठं एका टॉवरकडून फोन दुसऱ्या टॉवरकडे जातो ते टिपायचं. शेजारणींना वाटायचं ही फोन विकते. एकीनं तर जुना फोन बदलून मागितला. सासूबाईंनी तिला सांगितलं, “ती विकत नाही गं. ती नुसती फिरवते. त्याचेच पैसे देतात.”

याच ताईंना बाळंतकळा सुरू झाल्या त्या नेमक्या चुकीच्या तासाला. नवरा घाटातल्या बसवर ड्रायव्हर. त्यानं शेजाऱ्याची जीप काढली, मागे बायको, बायकोशेजारी आई, आणि धडाधड वरच्या फाटकावर. फाटक बंद. तेव्हा वरच्या फाटकावर ड्यूटी होती ती फाटकदादांची. गळ्यात शिट्टी, बारा महिने मफलर आणि चौकीतल्या भिंतीवरच्या घड्याळावर पोटच्या पोरासारखी माया.

“दादा, उघडा हो! बघताय ना?” नवरा ओरडला.

“बघतोय की! पण हा खालच्यांचा तास आहे. ट्रक सुटले असतील आणि मधेच समोर आले, तर तुमची जीप धड पुढं नाही की मागं नाही. समोर काय आहे ते मला दिसत असतं, तर मी घड्याळाकडं बघत बसलो असतो का?”

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून नवऱ्यानं त्याची गचांडी धरली नाही. मुलगी चौकीतच झाली. सासूबाईंनी पदर खोचला, फाटकदादांनी चहाच्या किटलीत पाणी तापवलं आणि बाहेर तोंड फिरवून उभे राहिले. मायलेकी सुखरूप. पुढं कितीतरी दिवस बसचे कंडक्टर फाटकदादांना “काय सुईणबाई” म्हणून हाक मारत.

नंतर एक गोष्ट कळली. त्या तासाला खालून एकही गाडी सुटली नव्हती. सगळा घाट रिकामा पडला होता.

ही गोष्ट ताईंच्या मनातून गेली नाही. दादांवर राग नव्हता. नाही दिसत तर नाही दिसत, माणूस काय करणार! पण जीपमध्ये तीन माणसं होती आणि तिघांच्या खिशांत, पिशवीत मिळून तीन फोन होते. फोन म्हणजे काही मुकं जनावर नव्हे. तो न वाजताही दर थोड्या वेळानं जवळच्या टॉवरला “मी इथं आहे” म्हणून कुजबुजतो. गाडी पुढं गेली की एक टॉवर त्याला दुसऱ्याच्या हवाली करतो. कोणता फोन कोणाकडून कोणाकडं कधी गेला हे टॉवरांना माहीत असतं. मग घाटात किती गाड्या शिरल्या, किती वेगानं चालल्यात, किती बाहेर पडल्या हेही कुठंतरी आधीच नोंदलेलं आहे. फक्त फाटकावरच्या माणसाला ते कुणी सांगत नाही!

वर्षं गेली. कुटुंब पायथ्याच्या शहरात आलं, सासूबाई मात्र वरच राहिल्या. “मला खाली आणाल तर माझ्या मैत्रिणींनाही आणा,” अशी त्यांची अट होती. ताई कंपनी सोडून रस्तेखात्याच्या नियंत्रण कक्षात लागल्या आणि पहिल्या दिवसापासून मोठ्या साहेबांच्या मागं लागल्या. साहेब माणूस वाईट नव्हता, पण घाबरट.

“घाटात कॅमेरे लावू की,” ते म्हणायचे.

“धुक्यात कॅमेऱ्याला धुकं दिसतं, साहेब. आणि दरड पडली की पहिला कॅमेरा जातो.”

“लोक म्हणतील, आमचं बोलणं ऐकतात.”

“बोलणं नाही, नंबर नाही, नाव नाही. कंपनी आपल्याला नुसते ठिपके देणार. ठिपका चालला, ठिपका थांबला, एवढंच.”

“आणि एखाद्याकडं फोनच नसेल तर?”

“घाटात गाडी घालणारा आणि फोन नसलेला माणूस तुम्ही दाखवा. मी त्याला हार घालते.”

हो-नाही करता करता साहेबांनी हंगामापुरती परवानगी दिली. घाट ताईंच्या पडद्यावर हिरवा दिसला तर फाटक उघडायचं, लाल दिसला तर नाही. आणि एकदा जरी मोठा घोटाळा झाला तर घड्याळ पुन्हा कामावर, तेही कायमचं. हा विषय परत कुणी काढायचा नाही. ताईंनी मान डोलावली. दुसरी संधी नव्हती हे त्यांना पक्कं कळलं होतं.

फाटकदादा आता खालच्या फाटकावर होते. त्यांच्या चौकीत एक छोटा पडदा बसला. येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ते खिडकीशी जाऊन विचारू लागले, “फोन चालू आहे ना?” असं काही रुबाबात विचारायचे की बिचारे ड्रायव्हर लायसनही काढून दाखवायचे.

सकाळ झकास गेली. दुपारही. एक रुग्णवाहिका तर फाटकावर न थांबता सरळ निघून गेली आणि दादा तिच्याकडं बघत शिट्टी वाजवायलाच विसरले. जिथं तास मोडायचा तिथं लोक जरा वेळात सुटू लागले. आणि मग संध्याकाळ झाली.

उतरणाऱ्या गाड्यांची रांग सुटली, वरचं फाटक पडलं, गाड्या एकामागून एक खाली आल्या. रस्ता हिरवा व्हायला हवा. होतोय कसला! मधल्या मोठ्या वळणावर लालभडक. ठिपके थांबलेले, काही अगदी रांगत चाललेले. दहा-वीस गाड्या अडकल्यासारखं चित्र. ताईंनी फाटक धरून ठेवलं. खाली बसवाले हॉर्न बडवायला लागले.

“ताई,” दादांचा फोन, “कोणी आडवं झालंय का?”

“दिसतंय तरी तसं.”

मोटारसायकलवरून पोलीस पाठवला. तो जाऊन आला आणि म्हणाला, “रस्ता सुनसान आहे. एक गाडी नाही.”

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळीही तेच. नियमानं लागायचा त्याहून जास्त वेळ लोक फाटकावर उभे. कुणी म्हणे वळणावर भूत आहे आणि भुतानं फोन घेतलाय. कुणी म्हणे टॉवरताईंच्या टॉवरला दिवसा तारे दिसतात. ताईंनी टॉवर तपासले, हिशेब तपासला, कंपनीतल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करकरून हैराण केलं. सगळं चोख. आणि या सगळ्या गडबडीत, पडदा लाल झाला रे झाला की टेबलावर त्यांचा स्वतःचा फोन वाजायचा. सासूबाई. ताई घाईघाईत म्हणायच्या, “आई, मीटिंगमध्ये आहे, मग करते,” आणि ठेवून द्यायच्या.

चौथ्या दिवशी दुपारी साहेबांनी बोलावलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. “मॅडम, उद्या संध्याकाळी मी स्वतः फाटकावर उभा राहतो. उद्याही हेच झालं, तर परवापासून घड्याळ.”

ताई तडक बसस्टँडवर गेल्या आणि नवऱ्याच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसल्या.

“तिकीट?” नवरा म्हणाला.

“गप्प चल वर.”

“घरातही हेच, इथंही हेच,” नवरा कंडक्टरला म्हणाला आणि त्यानं गिअर टाकला.

वर पोचल्यावर ताई फाटकाशीच उतरल्या. उतरणाऱ्या गाड्यांची वेळ झाली, गाड्या गेल्या, फाटक पडलं. घाट शांत झाला. आणि मग गावाकडून आवाज आला. चपलांचा, हसण्याचा, “अगं थांब गं”चा. आठ-दहा, नाही, वीसेक बायका फाटकाशेजारच्या वाटेनं रमत गमत घाटात शिरल्या. ताई मागोमाग निघाल्या. मोठ्या वळणावर रस्त्याला चांगला रुंद ओटा आहे, कड्याला दगडी कठडा. बायका कठड्यावर ओळीनं बसल्या, पिशव्यांतून, कमरेतून फोन निघाले आणि जो कलकलाट सुरू झाला तो काय सांगावा! कुणी लेकीशी, कुणी परगावच्या भावाशी, कुणी नुसतीच कुणाचं तरी लग्न मोडल्याचं ऐकत होती.

मधोमध सासूबाई. पाठमोऱ्या. फोन कानाला, आवाज खणखणीत. त्या आपल्या लेकीशी, म्हणजे ताईंच्या नणंदेशी, बोलत होत्या.

“तुझ्या वहिनीला कसला आलाय वेळ! मी रोज फोन करते, रोज मीटिंग. घाटात गर्दी दिसते म्हणे तिला. अगं, मी रोज घाटातच बसते, मला कुत्रं दिसत नाही!”

ताई कठड्याशी गेल्या आणि हसता हसता खालीच बसल्या.

सगळा उलगडा त्या एका बैठकीत झाला. गाव डोंगराच्या पाठीला, तिथं बोलण्याइतकी रेंज नाही. वळणावरून दरीपलीकडचा टॉवर थेट समोर. गाड्या चालू असताना तिथं कोण बसणार! पण फाटक पडलं की रस्ता मोकळा, आणि फाटक पडणं म्हणजे गावातल्या बायकांसाठी फिरायला जायची घंटा. म्हणजे रस्ता रिकामा झाला असं ज्या क्षणी पडद्यानं सांगायचं, त्याच क्षणी सगळ्या मैत्रिणी फोन घेऊन तिथं हजर.

परतताना ताईंनी वरच्या फाटकवाल्याला धरलं. “या बायका रोज जातात हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो! मलाच विचारून जातात.”

“मग मी तीन दिवस फोनवर विचारतेय, वळणावर काय अडकलंय, वळणावर काय अडकलंय…”

“तुम्ही गाड्या विचारल्या होत्या ताई. बायका कुठं विचारल्या?”

तिथल्याच टेलिफोनवरून पोलिसाला फोन लावला. तोही भोळेपणानं म्हणाला, “बायका होत्या की! पण त्या काय ट्रॅफिक आहेत?”

ताईंना खरं तर चिडायला हवं होतं. पण त्यांनी स्वतःही गाड्याच विचारल्या होत्या. सासू रोज तिथं असते हे कुणाला नाही तर सुनेला ठाऊक असायला हवं होतं, आणि सुनेनं तीन दिवस तिचा फोन कापला होता.

इलाज सोपा होता. फाटक पडल्यानंतर जो ठिपका घाटात शिरला तो पायी आला, त्याला मोजायचं नाही. फाटक पडण्याआधी जो शिरला तो गाडीतला, त्याला बाहेर पडेपर्यंत सोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बसून ताईंनी ते सगळं बसवलं आणि दिवस कलायच्या आत स्वतः खालच्या फाटकावर येऊन उभ्या राहिल्या.

साहेब आले होते. त्यांच्यामागं वर जायला निघालेल्या गाड्यांची ही लांब रांग. ताईंनी साहेबांना बायकांची हकिगत सांगितली तेव्हा साहेब हसले, पण ओठांपुरतेच.

वरून टेलिफोन आला, फाटक पडलं. गाड्या खाली येऊ लागल्या. दोन जीप, एक पिकअप, दुधाचा टेम्पो. मग कुणीच नाही. पडद्यावर वळणाच्या जरा खाली लाल.

“पुन्हा तेच,” साहेब हळूच म्हणाले.

“तेच नाही. बायका मी वगळल्यात. माझ्या सासूबाईंसकट वगळल्यात. हे फाटक पडायच्या आधी शिरलेले आहेत आणि चाळीसेक ठिपके एकाच जागी दाटलेत. ही बस आहे साहेब. आणि ती हलत नाही.”

“मग बसमधून कुणीतरी फोन केला असता.”

“वळणाच्या खाली हजेरी लावण्यापुरती रेंज आहे, बोलण्यापुरती नाही.”

चौकीतल्या घड्याळाचा काटा जागेवर आला. रांगेतले ड्रायव्हर खाली उतरले. “अहो, झाली वेळ! भुतासाठी थांबायचं का आम्ही?” एकानं तर स्वतःच फाटकाच्या दोरीला हात घातला. फाटकदादांनी त्याचा हात झटकला आणि साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं, मग पडद्याकडं, मग परत घड्याळाकडं.

“उघडा,” ते म्हणाले.

दादांच्या हातात दोरी होती. त्यांनी ती मनगटाला एक वेढा देऊन घट्ट धरली. “साहेब, नोकरी घ्या. पण ताई नाही म्हणतात तोवर मी सोडत नाही.”

गलका वाढला. नवऱ्याला फोन लावून उपयोग नव्हता, तो बस चालवताना फोन डब्यात ठेवतो. ताईंनी फोन काढला, सासूबाईंचा नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर चालू केला.

“आई…”

“बाई गं! आज मीटिंग लवकर संपली वाटतं?”

रांगेतलं कुणीतरी खिदळलं.

“आई, वळणावरून खाली वाकून बघता? रस्त्यात काही दिसतंय?”

“बघायला कशाला हवं! मघापासून तेच बघतोय आम्ही सगळ्या. लाकडांचा ट्रक आडवा झालाय. दोरखंड सुटला वाटतं, निम्मी लाकडं रस्त्यावर. मागं बस उभी आहे, तुझा नवरा खाली उतरून चाकांना दगड लावतोय. त्याला सांग, पाठ धरेल, वाकू नकोस म्हणावं.”

“आई, कुणाला लागलं तर नाही ना?”

“कुणाला काही नाही झालं. पण खालून एक जरी गाडी सोडलीस ना, तर सगळे रात्रभर इथंच राहतील. ट्रकला सरळ व्हायला खाली मोकळी जागा लागणार आहे, ती हीच एवढी आहे. कोण तो तुझा साहेब आहे ना, त्याला सांग, फाटक उघडशील तर गाठ माझ्याशी आहे!”

आता कुणी खिदळलं नाही. ज्यानं दोरीला हात घातला होता तो ड्रायव्हर रांगेत सगळ्यात पुढं उभा होता, म्हणजे ट्रकसमोर पहिला तोच गेला असता. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि आपल्या गाडीत जाऊन बसला.

साहेब पुढं झाले, फोनजवळ वाकले आणि म्हणाले, “आजी, साहेब बोलतोय. फाटक बंदच आहे. तुमची सून मला उघडू देत नाही.”

“हुशार आहे ती,” पलीकडून आवाज आला. “वेळ नसतो, एवढंच.”

साहेबांनी पायथ्याची क्रेन बोलावली. त्या एकाच गाडीसाठी फाटक वर गेलं आणि लगेच पडलं. पडद्यावर सगळे बघत होते. एक हिरवा ठिपका चढत गेला, लाल ठिपक्यांना जाऊन भिडला. लाकडं बाजूला झाली, ट्रक खाली सरकला, सरळ झाला. मग चाळीस ठिपके एकदम हलले. आत्तापर्यंत चिडलेली ती सगळी रांग, ड्रायव्हर, क्लीनर, प्रवासी, चौकीच्या खिडकीतून माना घालून ओरडायला लागली, “सुटली! बस सुटली!” वळणावर बायकांनीही काय गोंधळ घातला ते फोन चालूच राहिला होता त्यातून खाली ऐकू आलं.

अंधार पडायच्या आत क्रेन उलटी उलटी खाली आली, तिच्यापाठोपाठ ट्रक, आणि मग बस फाटकात आली. नवऱ्यानं सदऱ्याला चिखल, हाताला ओरखडे अशा अवस्थेत खाली उडी मारली आणि बायकोला म्हणाला, “आई वळणावरून ओरडत होती. वाकू नको म्हणे. उद्या तिला म्हणावं, तूच ये चाकांना दगड लावायला.”

पडदा तळापासून माथ्यापर्यंत हिरवा झाला. घड्याळाप्रमाणं तोवर पुन्हा खाली येणाऱ्यांचा तास लागला होता. फाटकदादांनी मनगटावरचा दोरीचा वेढा सोडला, साहेबांकडं बघितलंच नाही, सरळ ताईंकडं बघितलं.

“उघडू?”

“उघडा, दादा.”

रांग वर चढली आणि प्रत्येक गाडीनं चौकीपाशी हॉर्न दिला. दादा प्रत्येकाला शिट्टीनं उत्तर देत राहिले, शेवटी त्यांना दम लागला. साहेब म्हणाले, “उद्यापासून घड्याळ नाही. तासाचा नियम संपला. आणि मॅडम, त्या वळणावर बायकांना बसायला एक चांगला बाक करून घेऊ. छपरासकट.” नंतर त्यांनी आणखी एक काम केलं. वरच्या फाटकवाल्यानं रोज संध्याकाळी वळणावर कोण कोण आहे ते कळवायचं, गाड्या आणि माणसं दोन्ही, असा लेखी हुकूम काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारा ट्रकवाला पायथ्याशी आला. घाट रिकामा, फाटक उभं, बांबू आकाशाकडं. त्यानं सवयीनं ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केलं, खाली उतरून आळस दिला आणि टपरीवर चहा सांगितला. मागं एक बस, एक जीप, दोन टेम्पो येऊन थांबले.

“अहो काका, कशाला थांबलाय?” फाटकदादांनी चौकीतून आवाज दिला.

“फाटकासाठी.”

“उघडंय की ते!”

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मागं सगळे हॉर्न एकदम वाजले. ताई नियंत्रण कक्षात बसून पडद्यावर ते बघत होत्या. चार-पाच ठिपके फाटकाशी उगाचच खोळंबले होते. मग एक हलला, आणि त्याच्या पाठोपाठ बाकीचे सगळे घाट चढू लागले.